उधारीचा नारळ

आमच्या जिनफैल फुटबॉल क्लबचे अध्यक्ष गुलाबराव काका मला आगाऊ म्हणतात. म्हणू देत. समोरच्याकडं उत्तर नसलं की तो आगाऊ म्हणतो, हे मला दहावीत गेल्यावर कळलं. आठवीपर्यंत मी वर्गात हात वर करायच्या आधी इतका विचार करायची की तास संपून जायचा. मग मी डाव्या पायानं गोल मारायला शिकले. आता मी हात आधी वर करते आणि विचार नंतर.

क्लबच्या वार्षिक स्पर्धेच्या फायनलच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी, काका आमच्या प्रॅक्टिसमध्ये शिरले. मैदानावर ते कडक चपला घालून चालतात, तेही मला आवडत नाही. आम्हा सगळ्या मुलींना त्यांनी गोलपोस्टजवळ बोलावलं.

"सोमवारपासून तुमची पोट्ट्यायची टीम बंद," ते म्हणाले. "क्लबची तब्येत नाजूक हाय. पैसा नाही."

"काऊन नाही काका?" मी विचारलं. "मागच्या साली नारळाची बोली एक्क्याऐंशी हजारावर गेल्ती. मी इथंच बसली होती."

"ते तुले नाही समजत."

"समजावून सांगा न मंग."

"आगाऊपणा नोको करू, संजीवनी. तुह्या बापाले सांगीन."

"सांगा न. वावरात मेथी तोडून राह्यला बाबा. नाल्याच्या अलीकडं."

मागून आमची गोलकीपर छकुली फिसकन हसली. आमचे कोच गजेंद्र सर बुटाची लेस बांधायला खाली वाकले. लेस बांधलेलीच होती. सरांचं वर्षभराचं मानधन क्लबकडून यायचं आहे, आणि ज्याचं यायचं असतं तो अध्यक्षासमोर तोंड उघडत नाही. सरांबद्दलची माझी अर्धी इज्जत तिथंच गोलपोस्टजवळ पडली. पडू दिली.

टीम बंद म्हणजे काय, ते ज्याला खामगावातलं आमचं जिनफैल माहीत नाही त्याला कळणार नाही. इथं मैदान एकच. बंद पडलेल्या जिनिंगचं पटांगण. पूर्वी तिथं कापसाच्या गंज्या लागायच्या, आता दोन गोलपोस्ट आहेत. ते क्लबच्या ताब्यात आहे. आमच्या शाळेत मुलींचा खेळ म्हणजे सव्वीस जानेवारीची लेझीम, आणि तीही मागच्या रांगेत. म्हणजे क्लबनं हाकललं की माझं फुटबॉल संपलं. उद्याही नाही, परवाही नाही, कधीच नाही. आणि आम्ही क्लबचं खात तरी काय होतो? मुलांनी टाकून दिलेले दोन बॉल आणि संध्याकाळचा एक तास. जर्स्या आम्ही स्वतः वर्गणी काढून शिवल्या होत्या.

आता नारळाचं सांगते.

आमच्याकडं फायनलच्या आधी सेंटरवर नारळ फोडतात, आणि तो कोणी फोडायचा याची बोली लागते. देवीच्या साडीची, गणपतीच्या लाडवाची लागते तशी. जो जिंकेल तो नारळ फोडतो, बॉलला पहिली किक मारतो आणि वर्षभर क्लबच्या कमिटीत बसतो. आकडा माईकवर तीन वेळा पुकारतात, लोक टाळ्या वाजवतात. पैसे मात्र त्या दिवशी द्यायचे नसतात. पुढच्या फायनलपर्यंत कधीही द्यायचे.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी बाबाबरोबर मेथीच्या जुड्या बांधताना मी त्याला विचारलं, "बाबा, वामनरावनं ते एक्क्याऐंशी हजार देल्ले का?"

बाबा हसला. "नारळाचा पैसा कोनी देते का बाई?"

"मंग कोनी मागत नाही?"

"मागन कोन? मागनं म्हणजे भर बाजारात धोतर ओढनं. वामनरावची तेलाची मिल हाय. त्याईनं बोली लावली हेच क्लबवर उपकार. गुलाबराव तेवढ्या आकड्यावर मंडप घेते, ढाल घेते, बक्षीस जाहीर करते. सगळं उधार. पुढच्या साली त्याच्याहून मोठा आकडा बोलला की मागचा इसरला."

"आणि बक्षीस?"

"ते बी तसंच."

ते मला माहीत होतं. मागच्या वर्षी मलकापूरची टीम जिंकली. त्यांना थर्माकोलचा दाराएवढा चेक दिला आणि फोटो काढला. खरे पैसे घ्यायला त्यांचा कॅप्टन गोकुळ नंतर दोनदा आला, दोन्ही वेळा त्याला कचोरी खाऊ घालून परत पाठवलं. छकुली म्हणते, तो चेक बँकेत घेऊन जायला दोन माणसं लागतात आणि वटवायला एकही नाही.

"म्हणजे बाबा," मी म्हणाले, "बोली कोनीबी लावू शकते."

बाबानं जुडी बांधता बांधता माझ्याकडं पाहिलं. "संजू. तुह्या डोक्यात काय शिजून राह्यलं?"

"काही नाही."

"आपल्याले त्या मोठ्या लोकायच्या मधात पडाचं नाही. आयकून राह्यली का?"

ऐकून तर राह्यली होती. मी ऐकते सगळं.

रविवारी दुपारी मंडप गच्च भरला. या वर्षी पण फायनल मलकापूर आणि आमच्या मुलांच्या टीममध्ये होती. तिकीट दहा रुपये. तिकिटाच्या टेबलावर क्लबनं नवीनच तो पैसे बोलणारा डबा ठेवला होता. मोबाईलवरून कोणी पैसे टाकले की डबा बोलायचा, दहा रुपये प्राप्त झाले. आवाज लोकांना ऐकू जावा म्हणून माईकवाल्या गोविंदा भाऊनं त्याच्यासमोर एक माईक लावून ठेवला होता. गर्दी किती, ते मलकापूरवाल्यांना दाखवायचं होतं.

आम्ही मुली जर्सी घालून बाजूच्या सतरंजीवर बसलो होतो. गुलाबराव काकांनी आमच्याकडं एकदा पाहिलं, मग पाहिलंच नाही. बाबा मागच्या रांगेत होता, बाजारातून थेट आलेला, मांडीवर रिकामं पोतं.

गोविंदा भाऊनं नारळ हातात उंच धरला. "मंडळी, रूल सगळ्याईले माहीत हाय. ज्याच्या तोंडून आकडा निघला, बोली त्याची. बोला."

वामनराव पुढच्या सोफ्यावर बसले होते. त्यांनी न उठता म्हटलं, "एक्कावन्न."

"एक्कावन्न हजार, वामनरावजी तेलवाले. एक बार..."

कोणीतरी साठ म्हटलं, वामनरावांनी सत्तर. मग ते मागच्या वर्षीच्या आकड्याच्या वर गेले आणि म्हणाले, "नव्वद." टाळ्या पडल्या. गुलाबराव काकांचा चेहरा असा फुलला की जणू पैसे खिशातच पडले.

"नव्वद हजार एक बार. नव्वद हजार दोन बार..."

"एक लाख," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा आहे. छकुलीला तिकडच्या गोलमधून ऐकू जातो. तरी गोविंदा भाऊ इकडं तिकडं पाहत म्हणाले, "एक लाख, कोन बोललं?"

मी उभी राहिले. "मी. संजीवनी. पोरींच्या टीमकडून."

मंडपात हशा पिकला. वामनराव सोफ्यावरून मागं वळून पाहायला लागले, म्हशीच्या पाठीवर बसलेल्या बगळ्याकडं पाहावं तसं.

"बस खाली," गुलाबराव काका म्हणाले. "हा लेकरायचा खेळ नाही."

"गोविंदा भाऊ, रूल काय हाय? आताच बोलले ना तुम्ही."

गोविंदा भाऊंनी अध्यक्षांकडं पाहिलं, मग नारळाकडं. "रूल तर... ज्याच्या तोंडून निघला."

"मंग पुकारा."

"एक लाख कोठून देशीन?" काका ओरडले.

"पुढच्या साली देईन. सगळे देतात तसे."

सगळ्यात मोठ्यानं मलकापूरची टीम हसली. त्यांना हसायचा हक्क होता. पण काका तेवढ्यानं थांबले नाहीत. त्यांनी मागच्या रांगेकडं बोट केलं. "गोपाल, आपल्या पोट्टीले घरी घेऊन जाय. घरी वळण लावत नाही, अन् मंडपात सोडून देतं."

बाबा उठला. मला वाटलं, आता संपलं. तो येईल, माझा दंड धरेल आणि मी जाईन, कारण बाबाशी मी भांडत नाही. तो हळूच म्हणालाही, "चाल संजू."

तेवढ्यात काका बोलले, "एक लाख म्हनते. काय देशीन बे तू? मेथी विकून देशीन?"

बाबा थांबला. त्यानं पोतं खांद्यावर टाकलं. बाबाला आवाज चढवता येत नाही, म्हणून लोकांना कान द्यावा लागला.

"वामनराव मागच्या सालचे कोठून देनार हायेत, ते सांगा अध्यक्ष. मी बी तिथूनच देतो."

मंडपात कोणी हसलं नाही. जी गोष्ट प्रत्येकाला माहीत होती आणि प्रत्येकानं वर्षानुवर्षं गिळली होती, ती एका भाजीवाल्यानं भर मंडपात ठेवली होती. वामनरावांचं तोंड लाल झालं. गुलाबराव काकांनी गोविंदा भाऊच्या हातातला माईक ओढला.

"आयका मंडळी. आजपासून रूल बदलला. नारळ नगद. आधी पैसा, मंग बोली. हाय का पोट्टीजवळ एक लाख? नाही. बसा मंग."

मला इतका आनंद झाला की मी उडीच मारली. ते असं बोलतील हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. मी फक्त कमिटीतली खुर्ची मिळवायला आणि टीम बंद करायच्या वेळी नाही म्हणायला आले होते.

"नगद तर नगद," मी म्हणाले. "मंग मागचाबी नगद. नाही तर वामनराव काका बी बसतीन."

"ए पोट्ट्या," वामनराव म्हणाले. मला नाही, गुलाबराव काकांना. ते रागावले की सगळ्यांनाच पोट्टा म्हणतात. "तू माह्यावर रूल लावतं?"

"नाही नाही, वामनरावजी. तुमचं येगळं हाय."

"येगळं कसं?" मलकापूरचा गोकुळ मैदानाच्या कडेवरून म्हणाला. तो बूट घालून तयार उभा होता. "आमचं बक्षीस त्याच पैशातून द्याचं होतं ना? कचोरी खाऊन खाऊन पोट बिघडलं राजेहो."

आता मंडप हसला, पण या वेळी माझ्यावर नाही. वामनरावांना तेच सहन झालं नाही. त्यांच्यात दिलदारी आली असं कोणी समजू नये. पंधरा वर्षांच्या पोरीनं आणि मलकापूरच्या पोट्ट्यानं मिळून त्यांचं हसं केलं, म्हणून ते उठले. खिशातून मोबाईल काढला आणि तरातरा तिकिटाच्या टेबलाकडं गेले.

"किती? एक्क्याऐंशी ना? कोठी हाय तुमचा तो डब्बा?"

"वामनरावजी, राहू द्या, घरचा मामला हाय," काका त्यांच्या मागं धावले.

वामनरावांनी स्कॅन केलं, बोटानं काही दाबलं. आम्ही सगळे त्या डब्याकडं पाहत होतो. सकाळपासून तो दहा रुपये, वीस रुपये, दहा रुपये करत होता. आता तो एक क्षण गप्प राहिला आणि मग अख्ख्या मैदानभर माईकमधून बाईच्या गोड आवाजात बोलला:

"एक्क्याऐंशी हजार रुपये प्राप्त झाले."

मी शपथेवर सांगते, क्लबच्या इतिहासात एवढा मोठा खरा आकडा कोणी ऐकला नव्हता. आधी कोणालाच टाळी वाजवायचं सुचलं नाही. मग मंडपवाले पुंजाजी आपली टोपी सावरत टेबलाकडं निघाले. त्यांचे दोन वर्षांचे मंडपाचे पैसे राहिले होते. त्यांच्या मागं ढालवाला. त्यांच्या मागं गोकुळ, बुटासकट. आणि काय सांगू, गजेंद्र सरसुद्धा उठले. लेस या वेळी खरंच सुटलेली होती, पण ते थांबले नाहीत.

गुलाबराव काका डब्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले, जणू पैसे डब्यात आहेत आणि कोणी उचलून नेईल. मग ते माझ्याकडं वळले.

"पाह्यलं? झालं समाधान? आता एक रुपया तरी राहीन का तुमच्या टीमसाठी?"

"आम्हाले रुपया नोकोच हाय काका," मी म्हणाले. "आम्हाले मैदान पाह्यजे. एक तास. अन् दोन बॉल, ते बी जुने. त्याचा काय खर्च?"

काका पुंजाजींकडं पाहायला लागले.

"सांगा न. तुम्हीच म्हणाले पैसा नाही. आता आला. अन् आमचा खर्चबी नाही. मंग टीम बंद काऊन?"

माईक अजून त्यांच्याच हातात होता. ते विसरले असावेत, कारण त्यानंतर जे बोलले ते माईकवर बोलायचं नसतं.

"कारण लोकं हासतात मले. अर्ध्या चड्ड्या घालून पोट्ट्या मैदानात नाचतात अन् मी अध्यक्ष. पैसा असता तरी बंदच केली असती. समजलं?"

सगळीकडं ते ऐकू गेलं. पत्र्याच्या शेडमागं भजी तळणाऱ्या बाईनंही मान वर केली. मला राग यायला हवा होता, आला पण. पण त्याआधी हलकं वाटलं, कारण आता तब्येतीची गोष्ट संपली होती. क्लब आजारी नव्हता. अध्यक्षांना आम्ही नको होतो, एवढंच होतं.

"चला गं," मी मुलींना म्हणाले.

"कुठं?" छकुली.

"सेंटरला."

आम्ही सेंटर सर्कलमध्ये जाऊन बसलो. मांडी घालून. मी हे आधी ठरवलेलं नव्हतं. रेफरी आला, शिट्टी वाजवली, आम्ही बसूनच. काका आले, शिव्या देण्यापर्यंत आले. छकुलीनं डोळे मिटून घेतले आणि माझा हात धरला. गर्दीतून कोणी म्हणालं, काढा रे यायले ओढून. कोणी म्हणालं, हात लावू नका बे, पोट्ट्यायची केस होते. ऊन कलायला लागलं. मैदानावर लाईट नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी वामनराव आले. धोतराचा सोगा हातात धरून, सेंटरपर्यंत, एकटे. मी त्यांच्याकडं खालून पाहत होते.

"बेशरम पोट्टी," ते मला म्हणाले.

"हाव, हाय मी," मी म्हणाले.

मग त्यांनी तिथूनच गुलाबराव काकांना हाक मारली. "गुलाबराव, इकडे ये. इतके वर्षं मी येतो, सोफ्यावर बसतो, घरी जातो. कधी मॅच झाली नाही झाली, मले काय. आज मी नगद देल्ले. एक्क्याऐंशी हजार. आता मले पूर्ण मॅच पाह्याची हाय. सूर्य बुडायच्या आत. हे पोट्ट्या खेळो नाहीतर झाडावर चढो, मले घेणंदेणं नाही. पण मॅच नाही झाली तर उद्या सकाळी पैसे वापस."

"वामनरावजी, तुम्हीच अशे बोलले तर..."

"पैसे मी देल्ले, तू नाही."

काका आमच्यासमोर उभे राहिले. त्यांच्या मागं पुंजाजी होते, सर होते, ज्यांना डब्यातल्या पैशातून काहीतरी मिळायचं होतं असे सगळे होते, आणि पैसे परत गेले तर त्यांना काहीच मिळणार नव्हतं. काकांनी तोंड असं केलं की जणू कारलं कच्चं खाल्लं.

"खेळजा," ते म्हणाले. "उठा आता."

"माईकवर सांगा."

त्यांनी माईकवर सांगितलं. थुंकल्यासारखं सांगितलं, पण शब्द बरोबर होते. पोरींची टीम चालू राहील. मी उठले, चड्डी झटकली, मुद्दाम त्यांच्याकडं पाहत झटकली. नारळ कोणी फोडलाच नाही. बोली कोणाचीच झाली नव्हती, म्हणून गोविंदा भाऊ तो घरी घेऊन गेले. मॅच आमची मुलं हरली आणि मला वाईट वाटलं नाही.

हे इतकं सोपं झालं असं समजू नका. घरी बाबा रागावला नाही. फक्त म्हणाला, "पुढच्या टायमाले मले इचारल्याबिगर बोली लावू नोको." मग थोड्या वेळानं भिंतीकडं पाहत हसला. सोमवारी शाळेत दोन मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं करून संस्कारांवर भाषण दिलं. आमच्या गल्लीतल्या वच्छलाबाईंनी आईला विचारलं की पोरीचं लग्न कोण करणार आता. आईनं सांगितलं की पोरीला आधी दहावीचं गणित करायचं आहे.

आणि संध्याकाळी मैदानावर आम्ही सातच जणी होतो. बाकीच्यांना घरच्यांनी पाठवलं नाही. माईकवरचं ते चड्ड्यांचं वाक्य ज्या ज्या घरात पोहोचलं त्या घरातून एक एक मुलगी कमी झाली. हे काकांना ठाऊक होतं. ते मैदानाच्या कोपऱ्यात, आमच्या बरोबर कॉर्नरच्या जागी, खुर्ची टाकून बसले होते, आणि त्यांना घाई नव्हती. दर दिवशी एक एक गळेल, असा त्यांचा हिशोब असावा.

छकुली गोलमध्ये उभी राहिली. सर लांब उभे होते, शिट्टी तोंडात, फुंकत नव्हते. त्यांना सहा महिन्यांचे पैसे मिळाले होते, उरलेले सहा यायचे होते.

"सात जणीत काय खेळनार?" छकुलीनं विचारलं.

"कॉर्नर," मी म्हणाले.

मी जुना बॉल काखेत घेऊन काकांच्या खुर्चीपाशी गेले.

"काका, खुर्ची हलवा. इथून बॉल मारायचा हाय."

"मैदान मोठं हाय. दुसरीकडून मार."

"कॉर्नर दुसरीकडून नसते काका."

ते हलले नाहीत. मी बॉल त्यांच्या चपलेजवळ ठेवला, पावलं मागं मोजली आणि डाव्या पायाची लेस घट्ट केली.